मिठातली नळी

दिवाळी उलटली की नाहूरच्या पूर्वेला, वस्तीच्या पलीकडे, मिठागरांत माणसं उतरायची. पावसाळ्यात वाफ्यांचं तळं होऊन गेलेलं असायचं. ते पाणी काढायचं, बांध चिखलानं लिंपायचे आणि मग बायकापुरुषांनी ओळीनं उभं राहून वाफ्याची जमीन पायांनी तुडवायची. फरशीसारखी घट्ट होईपर्यंत तुडवायची, नाहीतर मीठ मातकट निघतं. त्या ओळीत शेवंती असायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या टाचांच्या भेगांत राखाडी चिखल बसलेला असे. काडीनं तो काढताना ती पदर दाताखाली धरायची, कारण खाटेवरून नवरा बघत असायचा, आणि तिचं दुखतंय असं दिसलं की त्याला जेवण जात नसे.

नवरा काशीराम. मूळचा मालवणकडचा, पंधराएक वर्षं लोअर परळच्या गिरणीत काढलेला. संप लागला, तो मिटेल मिटेल म्हणत सगळे बसले आणि मिटला नाही, तेव्हा तो मिठागरात गोणी उचलायला लागला. गडी अंगानं दणकट. पाठीवर गोण घेऊन फळीवरून ट्रकात चढताना गाणं म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी गोण्यांची थप्पी कोसळली आणि त्याच्या कमरेवर आली. कमरेखालचं सगळं तेव्हाच गेलं.

येणारा-जाणारा पायांची चौकशी करायचा. पायात काही जीव येतोय का, तेल लावता का, गावाकडे एक वैद्य आहे, असं सगळं. काशीराम मान हलवायचा. पाय गेले ते गेले, त्यांची त्याला आता सवय झाली होती. त्याची वाट लावली होती ती लघवीनं. ती लागली हे त्याला कळायचं नाही आणि झाली हेही कळायचं नाही. लेंगा ओला दिसला की कळायचं. याबद्दल मात्र कुणी चौकशी करत नसे, आणि केली असती तर त्यानं खोटंच सांगितलं असतं.

पहिलं वर्ष मूत्राशयात नळी कायमची ठेवलेली आणि पायाला पिशवी बांधलेली, असं गेलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप यायचा. शेवटच्या खेपेला इस्पितळातल्या कुंदा सिस्टरनी पिशवी काढून टाकली आणि त्याला नवं तंत्र शिकवलं. लाल रबरी नळी, बोटापेक्षा बारीक. दिवसातून चार-पाच वेळा, ठरल्या वेळी, आपली आपण आत सरकवायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं, नळी काढून धुवायची, उकळायची, कोरडी करून ठेवायची. पाणी भरपूर प्यायचं. सिस्टर मुलुंडच्या, बोलणं स्वच्छ आणि तोंड फटकळ. त्यांनी त्याला सरळ सांगितलं होतं, की पाठ मोडल्यानं माणसं मरत नाहीत, मूत्रपिंडं बिघडल्यानं मरतात. साठलेली लघवी तुंबली की उलटी वर चढते.

घरी काशीराम सांगितल्यासारखं करायचा, एक पाणी सोडून. पाणी प्यायलं नाही म्हणजे लेंगा ओला होणार नाही, असा त्याचा हिशोब. हा हिशोब त्याला एका सत्यनारायणानं शिकवला. शेजारच्या कमलकडे पूजा होती. चौघांनी त्याला उचलून चटईवर बसवलं, कथा ऐकता ऐकता तो रमला आणि चटई भिजली. बाजूच्या दोन बायकांनी पदर सावरले. कमलनं ते पाहिलं, हातातला पाण्याचा तांब्या मुद्दाम त्याच्याजवळ कलंडवला आणि ‘अगं बाई, सांडला की गं’ म्हणत फडकं आणलं. बाई देवमाणूस. पण काशीरामला त्या दिवसानंतर तिच्याकडे वर मान करून बघवेना, आणि तो घराबाहेर पडेनासा झाला.

घरात दोघं मालवणीच बोलत.

“पाणी पियालात?” शेवंती कामावरून आल्या आल्या विचारायची.

“पियालंय.”

ती माठात डोकावायची. सकाळी जिथवर होतं तिथवर पाणी असायचं. ती पेला भरून त्याच्या हातात द्यायची आणि तो पिऊन संपेपर्यंत समोर उभी राहायची. तिचा राग असा, तोंडातून न येणारा.

गावाहून थोरल्या दीराचे, जयवंताचे निरोप येत होते. तिकडे बसून काय करता, शिमग्याला या आणि राहा. जयवंत मनाचा चांगला. पण गावातून इस्पितळ गाठायचं तर अर्धा दिवस बैलगाडी आणि एसटी, आणि तिथं नळी हा शब्दही कुणी ऐकलेला नव्हता. तापात नवऱ्याचे दात वाजताना शेवंतीनं ऐकले होते. गावी गेलो तर हा माणूस एका पावसाळ्यात हातातून जाईल, हे तिच्या मनानं घेतलं होतं. आणि तिच्या एकटीच्या तुडवण्यावर इथंही फार दिवस निघणार नव्हते.

अशात एक दिवस सीताराम मुकादम खाटेशी येऊन बसला. साठीचा, बोडक्या डोक्याचा, बोलायला लागला की अर्धं मिठागर ऐकणार. उघाडीवरचा म्हातारा गुणाजी डोळ्यांनी अधू झाला आणि मुलीकडे गोवंडीला गेला, असं त्यानं सांगितलं. उघाडी म्हणजे खाडीच्या तोंडावरचं लाकडी दार. उधाणाच्या भरतीला दाराच्या फळ्या कप्पीवरच्या दोरखंडानं वर ओढायच्या, खाडीचं पाणी मोठ्या तलावात घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत फळ्या खाली सोडायच्या. एक उधाण चुकलं की तलाव अर्धा राहतो आणि मीठ पंधरा दिवसांनी पुढे जातं.

“पायांचं काम नाही. दंडांचं आहे,” सीताराम म्हणाला. “तुझे दंड अजून आहेत ना, की तेही देऊन आलास इस्पितळात?”

काशीराम बऱ्याच दिवसांनी हसला. शेवंती चुलीपाशी होती. तिनं हसणं ऐकलं आणि हातातली भाकरी करपू दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला अपंगांच्या तीनचाकी सायकलवर बसवून बांधावरून ऑफिसच्या शेडपर्यंत ढकलत नेलं. ऑफिसचं बघणारे मार्तंडराव खुर्चीत होते. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात घडी घातलेला रुमाल. माणूस वाईट नव्हता, पण आपल्या नाकाला फार जपणारा. त्यांनी काशीरामच्या दंडांकडे पाहिलंच नाही. त्यांनी सीतारामला विचारलं, तेही काशीराम समोर असताना, की याचा वास वगैरे येत नाही ना, कारण मालक येतात, मालकांचे पाहुणे येतात. सीताराम काहीतरी पुटपुटला. काशीराम मांडीवरच्या लेंग्याची सुरकुती सारखी करत राहिला. शेवटी मार्तंडराव म्हणाले, पहिलं मीठ पडेपर्यंत बघू. तोवर काही तक्रार आली नाही तर पुढचं बोलू.

परतताना शेवंती मागून ढकलत होती, त्यामुळे दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. ते बरंच झालं.

उघाडीपाशी गुणाजीची झोपडी होती, माणूस पाय पसरून झोपेल एवढी. चूल नाही, नळ तर वस्तीतच. पिण्याचं पाणी हंड्यानं न्यावं लागणार. सकाळी शेवंती त्याला पोचवणार आणि संध्याकाळी आणणार. मग दिवसभरात दोन-तीनदा नळी घ्यायची ती कुठे उकळायची, हा प्रश्न आला. काशीरामनं एक रात्र विचार केला आणि सकाळी त्याला उत्तर सापडलं होतं.

“मिठात ठेवूया,” तो म्हणाला.

शेवंतीला ते एकदम पटलं. पटणारच. तिनं जन्मभर मासे मिठात ठेवले, आंबे खारवले, पायाला काच लागली तर वाफ्यातलं पाणी ओतलं. मिठागरावर कुणाची जखम चिघळलेली तिनं पाहिली नव्हती. डॉक्टरला उकळायला लागतं कारण डॉक्टरकडे मिठागर नाही, असं ती म्हणाली आणि स्वतःच्या बोलण्यावर खूश झाली. तिनं लोणच्याची चिनी मातीची बरणी घासून घेतली. जिथं मीठ धरायला येतं त्या अगदी शेवटच्या वाफ्यात घालतात तसलं दाट खारं पाणी हवं, म्हणून साध्या पाण्यात गेल्या साली राखलेलं मीठ विरघळेनासं होईपर्यंत विरघळवलं. त्यात नळी बुडवली आणि बरणी झोपडीच्या कोनाड्यात ठेवली.

मग काशीराम कामाला लागला.

भांडुपच्या कारखान्याचा भोंगा मिठागरावर ऐकू यायचा. सकाळचा भोंगा झाला की एकदा, जेवणाच्या सुट्टीचा झाला की एकदा, तीनचा झाला की एकदा. तो झोपडीचं गोणपाट ओढून घ्यायचा, बरणीतली नळी काढायचा, हंड्यातलं चूळभर पाणी तिच्यावरून फिरवायचा. चूळभरच, कारण गोडं पाणी जपून वापरायचं होतं. डब्यात लघवी काढून डबा खाडीच्या बाजूला रिता करायचा आणि नळी परत बरणीत. लेंगा कोरडा राहायचा. दिवसभर कोरडा राहायचा. येणारे-जाणारे थांबून बोलत, तंबाखू मागत, आणि कुणाचं नाक वाकडं होत नसे.

पहिल्या उधाणाला त्यानं दोरखंड धरला तेव्हा आठ-दहा माणसं उगीचच जवळ रेंगाळत होती. गड्याला जमतंय का हे बघायला आलेली, दुसरं काय. खाडीचं पाणी दाराला येऊन थडकलं. काशीरामनं सायकलचं चाक खुंटीला बांधलं, दोन्ही हातांनी दोर ओढला. दंड आणि मान लाल झाली, फळी करकरली आणि वर आली. पाणी खळाळत तलावात शिरलं. कुणीतरी ‘झकास’ म्हणालं. त्यानं दोर खुंटीला गुंडाळला आणि तळहात बघितले. सालपटं निघाली होती. रात्री शेवंती त्यांना खोबरेल लावत असताना त्यानं गाणं गुणगुणलं, गोणी उचलताना म्हणायचा तेच. ती तेल लावत राहिली, जरा जास्तच वेळ.

असे काही आठवडे छान गेले. पहिल्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात असं दाट होत चाललं. ऊन कडक, वारा कोरडा. मीठ आता फार लांब नव्हतं.

नळी रोज बरणीतून बाहेर येताना थोडी खरखरीत लागायची. काशीराम ती काढून मांडीवर ठेवी, लेंगा सोडी, डबा सारखा करी, तेवढ्यात वाऱ्यावर ती सुकायची आणि तिच्यावर पांढरा कण धरायचा. बोटांना तो कळत होता. आत मात्र काहीच कळत नव्हतं, तिथं त्याला दुखतही नव्हतं आणि जळतही नव्हतं. दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं ते त्याला कळायला डब्यात लाल दिसावं लागलं.

प्रथम एखादा धागा होता. मग डब्यातली सगळी लघवी गुलाबी आणि गढूळ आली, आणि वास धरून आली. वास म्हटल्यावर त्याला मार्तंडराव आठवले. पौर्णिमेचं उधाण तोंडावर होतं, हंगामातलं सगळ्यात मोठं. त्यावर तलाव काठोकाठ भरायचा होता. त्यानं ठरवलं की एवढं उधाण जाऊ दे, मग बघू. आणि त्यानं पुन्हा तोच जुना शहाणपणा केला, पाणी प्यायचं सोडलं. शेवंती ठेवून जाई तो हंडा तो संध्याकाळी बांधावर ओतून टाकी.

पौर्णिमेच्या सकाळी ती तुडवण्याचं काम लवकर आटपून त्याला भाकरी द्यायला आली. ऊन चटके देत होतं, आणि काशीराम झोपडीत दोन गोणपाटं अंगावर घेऊन बसला होता. गेलेले पाय तापाच्या झटक्यांनी आपोआप उडत होते. ओठांना चिरा पडलेल्या. तिनं कपाळाला हात लावला आणि मग कोपऱ्यातल्या डब्याकडे बघितलं. तो रिता करायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

“ह्यां काय? रगत कधीपासना?”

“उधाण झाल्यावर जाऊया,” तो म्हणाला. “दुपारी भरती. दोन तासांचो प्रश्न.”

“तुमका काय झाला तर मी त्या उधाणाक ओवाळू काय?”

“मार्तंडरावाक कळला तर कामावरना काढतलो. मगे गावाकच जावचा लागतला. तुकाच नको ना गाव?”

त्याचं म्हणणं खरंच होतं, तिलाच गाव नको होतं. तिच्याच भीतीसाठी हा ताप पोटात ठेवून बसला होता. तिला त्याचा राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि दोन्ही करायला वेळ नव्हता. ती उठली.

“खंय जातंस?”

“सीतारामाक सांगूक.”

“काय सांगतलंस? नळीचा सांगू नको. शेवंती, माका लाज वाटता.”

“तुमची लाज ऱ्हवांदे थंयच,” ती म्हणाली. “मी सगळा सांगतलंय.”

आणि तिनं खरंच सगळं सांगितलं. बांधावर, उन्हात, दहा माणसं ऐकत असताना. नळी, डबा, बरणी, रक्त, पाणी न पिणं, सगळं. आवाज चढवला नाही आणि डोळेही पुसले नाहीत. सीताराम डोकं खाजवत ऐकत राहिला. बाजूचे गडी एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

“एवढंच ना?” सीताराम शेवटी म्हणाला. “मी रात्री लघवीला उठतो तर अर्धा तास भिंतीशी उभा असतो, थेंब येत नाही. बायकोला वाटतं मी घर सोडून गेलो. कुणाला सांगत नाही म्हणून काय माझं सगळं ठीक आहे?” मग गड्यांकडे वळून त्यानं आवाज सोडला. दोघांनी काशीरामला उचलून ट्रकाकडे न्यायचं आणि बाकीच्यांनी उघाडीवर यायचं. दोर तो स्वतः धरणार होता.

गेल्या सालचं मीठ घेऊन ट्रक शहराकडे निघतच होता. पुढे तिघं बसलेले, त्यामुळे काशीरामला मागे गोण्यांवरच निजवलं. कमरेवर कोसळल्या होत्या तसल्याच गोण्या. शेवंतीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कमलनं धावत येऊन पाण्याची बाटली वर दिली. या खेपेस कमलकडे त्यानं बघितलं.

“पी आधी,” कमल म्हणाली. “सांडायला यावेळी मी नाही बरोबर.”

इस्पितळात सुई दिली, बाटली लावली, काही दिवसांपुरती नळी आतच ठेवली. ताप उतरायला वेळ लागला. उतरला तेव्हा कुंदा सिस्टर खाटेपाशी आल्या आणि घरची नळी दाखवा म्हणाल्या. शेवंतीनं बरणीच पुढे केली. घाईत तिनं तीच तेवढी उचलली होती.

सिस्टरनी झाकण उघडलं. नळी बाहेर काढून खिडकीत धरली, सुकू दिली आणि दोन बोटांतून फिरवली. मग तिच्यावरून नख ओढलं. पांढरा चुरा खाली पडला.

“काशीराम, तुम्ही माणूस आहात की लोणचं?”

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. काशीराम भिंतीकडे बघायला लागला. शेवंती मात्र पुढे झाली. मिठात काही कुजत नाही, तिनं सांगितलं, आणि बरणीची कल्पना त्याची असली तरी पाणी तिनंच दाट केलं होतं. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिचं बोट धरून नळीवरून फिरवलं. कानसेसारखं लागलं. हे रोज आतून, दिवसातून तीन-तीनदा. शेवंतीनं बोट मागे घेतलं आणि पदरानं पुसलं. तिचा चेहरा पार उतरला.

“अहो, पण उकळायला काय झालं होतं?” सिस्टरनी विचारलं.

तेव्हा झोपडी, चूल नसणं, हंड्याचं पाणी, सगळं निघालं. सिस्टर स्टूल ओढून खाली बसल्या. उकळा उकळा एवढं सांगितलं, चूल कुठे आहे ते विचारलंच नाही, असं त्या आपल्याशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या. थोड्या वेळानं उठून गेल्या आणि नव्या नळ्यांचा जुडगा घेऊन आल्या. सगळ्या रात्री घरी साबणानं धुवायच्या, सगळ्या एकदम उकळायच्या, एकेक वेगळी कोरड्या फडक्यात गुंडाळायची आणि डब्यात बंद करून कामावर न्यायची. प्रत्येक वेळेला नवीन काढायची. वापरलेली बाजूला टाकायची, ती रात्री परत उकळीत. तिथं काही शिजवायला नको आणि काही भिजवायला नको. हात तेवढे साबणानं धुवायचे. इतकं सोपं होतं हे ऐकून काशीरामला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलंही नाही.

“आणि पाणी?” सिस्टर म्हणाल्या.

“उघाडी बंद ठेवून बसलो होतो,” तो म्हणाला. “खाली साचलेलं सडलं. ताजं पाणी येऊन-जाऊन असलं की तलाव घाण होत नाही. एवढं मला कळायला हवं होतं.”

“कळलं ना आता? मग प्या.”

पोटाचे फोटो काढले, त्यात दोन्ही मूत्रपिंडं शाबूत निघाली. सिस्टरनी ते दोनदा सांगितलं आणि वर्षातून एकदा येऊन दाखवायची शपथ घ्यायला लावली.

घरी परतताना शेवंती मनाशी गावच्या सामानाची जुळवाजुळव करत होती. काम गेलं असणार हे तिनं धरूनच चाललं होतं. वस्तीत शिरल्यावर सीताराम भेटला, त्यानं काही विचारू न देता सायकल ताब्यात घेतली आणि सरळ बांधावर वळवली. उघाडीपाशी झोपडीला लागून एक नवा आडोसा उभा होता. बांबू आणि झावळ्यांचा, सायकल आत जाईल एवढा रुंद. आत एक फळी, फळीवर साबण, बाहेर पाण्याचं पिंप. झावळ्या कमलनं विणल्या होत्या. पिंप रोज भरायचं ते पाळीपाळीनं, असं ठरलं होतं. उधाण सीतारामनंच घेतलं होतं आणि कंबर धरून अजून कण्हत होता.

मार्तंडरावांना सगळं कळलं होतं. पहिलं मीठ पडेपर्यंत बघू म्हणालो होतो, तेवढं बघू, एवढंच ते म्हणाले होते.

त्यानंतर मिठागरावर एक नवीनच खूळ निघालं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण, गडी असो की बाई, काशीरामला हाक मारायचा ती ‘पाणी प्यालास काय रे?’ अशी. सुरुवातीला त्याला कानकोंडं व्हायचं. पुढे तो पेला उंच करून दाखवायला लागला. मग तोच उलट विचारायला लागला, कारण उन्हात राबणारी ती माणसंही पाणी कुठे पीत होती.

होळीच्या आधी मीठ पडलं. सकाळी वाफ्यावर साय धरल्यासारखं दिसत होतं, दुपारी लाकडी फावड्यांनी ओढायला सुरुवात झाली. बायका टोपल्या भरून काठावर ढीग घालत होत्या. शेवंतीच्या हातापायांना मीठ झोंबत होतं आणि तिची नजर पुन्हा पुन्हा उघाडीकडे जात होती, कारण तिथं मार्तंडराव येऊन उभे होते. छत्री उघडून, रुमालानं मान पुसत.

ते काशीरामला तलावाच्या पाण्याचं विचारत होते. किती आलंय, पुढच्या उधाणाला किती घेणार. काशीराम सांगत होता. तेवढ्यात भांडुपचा तीनचा भोंगा झाला. शेवंती टोपली भरता भरता थांबली. याआधी तो कुणी साधा गडी जवळ असला तरी काहीतरी निमित्त काढायचा, आणि आता तर साक्षात मार्तंडराव.

“साहेब, जरा थांबा,” काशीराम म्हणाला. “माझी लघवीची वेळ झाली.”

त्यानं सायकल वळवली आणि आडोशात गेला. मार्तंडराव छत्री धरून उभे. सगळं मिठागर फावडं मारायचं विसरलं होतं. वारा पडलेला, त्यामुळे डब्यात पडणारी धार स्पष्ट ऐकू आली. चांगली लांबली. शेवंतीनं तोंड फिरवलं. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खारट हातांनी ते पुसलं तर आणखी झोंबलं असतं म्हणून तिनं ते वाहू दिलं.

काशीराम बाहेर आला, पिंपातल्या पाण्यानं हात धुतले, लेंग्याला पुसले आणि पुढच्या उधाणाचं जिथं सोडलं होतं तिथून पुढे सांगायला लागला. मार्तंडराव ऐकत होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, की हंगामभर दार तूच बघ, आणि दिवाळीनंतरही तूच. मग छत्री मिटून निघाले. दहा पावलं गेले असतील, थांबले, परत आले. इकडे-तिकडे बघितलं. सगळीकडे उघडे वाफे, कुठे एक झाड नाही, आणि ऑफिसची शेड मिठागराच्या दुसऱ्या टोकाला.

“काशीराम,” ते हळूच म्हणाले, “तो आडोसा... मी जरा जाऊन येऊ का रे?”

“जावा की साहेब,” काशीराम म्हणाला. “साबण फळीवर आहे. हात मात्र धुवा.”